माटुंग्याचा रविवार: आधी कॅफे मद्रास, मग पाच बाग, मग राम आश्रयचा शिरा

कॉलेजच्या ग्रुपला भेटायचं तर कुठे भेटायचं यावर आमचे व्हॉट्सअॅपवर दोन दोन आठवडे जातात, आणि शेवटी कोणीतरी एखादी रील पाठवतं आणि आपण तिकडे जातो. गेल्या महिन्यात तसंच झालं. लोअर परळमधलं एक कॅफे, नाव देत नाही, रविवारचा ब्रंच, पाच जण. जागा सुंदर होती, झाडंबिडं, मोठ्या खिडक्या, पण म्युझिक इतकं मोठं की समोर बसलेलीचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागत होतं. दोनदा आवाज कमी करायला सांगितलं, पाच मिनिटं कमी झाला आणि परत तेवढाच. अंडी आली तेव्हा थंड होती, टोस्ट त्याच्याही आधी येऊन वातड झालेला. आणि बिल. खाण्याचे ६,८०० रुपये, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ६८०, मग त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी, एकूण ७,८५४. सर्व्हिस चार्ज काढा म्हटलं तर मॅनेजर म्हणाला कंपल्सरी आहे. आम्ही भांडलो नाही, भरले पैसे.

हे बिलाचं मुद्दाम लिहितेय कारण घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की कंपल्सरी वगैरे काही नसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात टाकायचा नाही, वेगळ्या नावाने पण नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने हे नियम योग्य ठरवले. जीएसटी द्यावाच लागतो, सर्व्हिस चार्ज तुमच्या मर्जीवर. काढत नसतील तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. नंबर सेव्ह करून ठेवा, आम्हाला तेव्हा माहीत असता तर ७१४ रुपये वाचले असते.

पण मला खरं वाईट वाटलं ते पैशाचं नाही. आमच्यातली एक, ठाण्याची, तिची आई फेब्रुवारीत गेली. त्यानंतर ती पहिल्यांदाच आमच्यासोबत बाहेर पडली होती आणि त्या दीड तासात ती काही बोललीच नाही, म्हणजे बोलायला गेली एकदा, आम्ही "काय? काय म्हणालीस?" केलं, आणि ती "काही नाही गं" म्हणून गप्प झाली. ते मला फार लागलं. म्हणून दोन आठवड्यांनी मीच सगळ्यांना सांगितलं की या रविवारी माटुंगा, सकाळी पावणेआठ, स्टेशनवर, उशीर करायचा नाही.

आम्ही रुईया कॉलेजचे, त्यामुळे माटुंगा तसं पायाखालचं, पण कॉलेजात असताना खिशात जेवढे पैसे तेवढंच खायचो, सगळा मेनू कधी नीट खाल्लाच नव्हता.

तर आधी कॅफे मद्रास. किंग्ज सर्कलजवळ, भाऊ दाजी रोडवर, १९४० पासून आहे. सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा, माझी आत्या एकदा दहिसरहून येऊन परत गेलीय. रविवारी आठला पोचलात तरी बाहेर गर्दी असणार. नाव सांगायचं, किती जण ते सांगायचं आणि फुटपाथवर उभं राहायचं, बोलावतात. पाच जण असाल तर दोन आणि तीन असं वेगवेगळं बसायची किंवा अनोळखी माणसांसोबत टेबल शेअर करायची तयारी ठेवा, इथे ते सगळेच करतात आणि कोणी नाक मुरडत नाही. आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. आणि या पंचवीस मिनिटांबद्दल मला आधी थोडी धाकधूक होती की सगळे कंटाळतील, तर उलटंच झालं, फुटपाथवर उभं राहून जेवढं बोलणं झालं तेवढं त्या कॅफेत दीड तासात झालं नव्हतं. मोबाइल कोणी काढला नाही कारण नाव पुकारतील तिकडे कान होते सगळ्यांचे. आमच्यातल्या बोरिवलीवाल्याने त्याची नोकरी सुटल्याचं तिथे उभ्याउभ्या सांगितलं, चार महिने झाले होते म्हणे, आम्हाला पत्ताच नाही.

आता खाणं. रागी मसाला डोसा घ्याच. रागी म्हणजे आपली नाचणी, पण नाचणीची भाकरी डोक्यात ठेवून जाऊ नका, हा पातळ, कडांना कुरकुरीत, रंगाने गडद आणि चवीला किंचित भाजल्यासारखा. आमच्यातल्या एकाला शुगर आहे, त्याने दोन खाल्ले, एक मसाला आणि एक साधा. रसम वडा दुसरी गोष्ट. वडा रसममध्ये बुडवूनच येतो, रसम पिऊन पिऊन मऊ झालेला, आणि ते रसम आंबट-तिखट, मिऱ्याचा झणका घशाच्या मागे लागतो. सर्दी झालेली असेल तर मोकळी होईल. पोडी इडली छान आहे, तूप आणि पोडी, म्हणजे डाळ-मिरचीची कोरडी चटणी, हात आखडता न घेता घातलेली. चटणीबद्दल वेगळं लिहायचं तर ती ताजी वाटलेली असते, खोबऱ्याचा गोडवा कळतो, पाणी घालून वाढवलेली नसते.

पण मी तिथे परत परत जाईन ती नीर डोश्यासाठी. नीर म्हणजे पाणी. तांदूळ भिजवून वाटायचा, पीठ अगदी पाण्यासारखं पातळ ठेवायचं, आंबवायचं नाही, आणि तव्यावर ओतायचं. पांढराशुभ्र, जाळीदार, रुमालासारखी घडी घातलेला. आमचं घर मूळ मालवणचं, आणि पहिला घास घेतल्यावर मला आजीचं घावन आठवलं, अगदी तोच ओलसर मऊपणा. आजी घावनासोबत नारळाचा गोड रस द्यायची, वेलची घातलेला. मंगळूर काय नि मालवण काय, एकाच किनाऱ्यावरची माणसं, तांदूळ नारळ तोच, मग तव्यावर वेगळं काय होणार. मी हे बोलत होते तर ठाण्याची मैत्रीण म्हणाली, "आई पण घावनं करायची गं, शेवटी शेवटी तेवढंच गिळता यायचं तिला." बस, तेवढंच बोलली. पण बोलली.

तिथे जेवून झाल्यावर रेंगाळायचं नसतं. बाहेर तीस माणसं उभी असतात, वेटर बिल आणून ठेवतो, आणि आपणही उठायचं. काही लोकांना हे आवडत नाही, ऑनलाइन तशा तक्रारी वाचल्यात मी. मला ते बरोबर वाटतं. ज्या फुटपाथवर आपण आत्ता उभे होतो तिथे आता दुसरं कोणीतरी भुकेलं उभं आहे. गप्पा मारायला टेबलच लागतं असं नाही, माटुंग्यात तर अजिबात नाही.

कारण तिथून चालत दहा-बारा मिनिटांवर पाच बाग, म्हणजे फाइव्ह गार्डन्स आहे. हे खरं आमच्या रविवारचं मुख्य. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत मोकळी हवा असलेल्या वस्त्या पाहिजेत म्हणून इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणजे शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या संस्थेने, दादर-माटुंग्याचा हा सगळा भाग आखला, रुंद रस्ते, झाडं, मध्ये बागा, आणि दादर पारशी कॉलनी मंचेरजी जोशींनी उभी केली, बागांना नावही त्यांचंच आहे. पुढे मद्रासकडून नोकरीसाठी आलेले तमिळ कारकून माटुंग्यात राहिले, त्यांच्यासाठी आणि एकट्या राहणाऱ्या बाप्यांसाठी उडपीकडच्या लोकांनी खाणावळी काढल्या. ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये काढलेलं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग त्यातलंच, केळीच्या पानावरचं जेवण हवं असेल तर दुपारी तिकडे जा. म्हणजे इथलं खाणं आणि इथली सावली जवळपास एकाच वयाची आहे.

आम्ही बागेभोवती तीन चकरा मारल्या. पोट भरलेलं, ऊन अजून चढलेलं नाही, पावसाळी झाडं वरून एकमेकांना भिडलेली. पाच जण एका ओळीत चालू शकत नाही म्हणून दोन-तीन असे पुढेमागे, जोड्या बदलत. मी आणि ती मागे राहिलो. चालताना एकमेकींकडे बघावं लागत नाही ना, समोर बघत बोलता येतं, बहुतेक म्हणून तिला बोलता आलं. हॉस्पिटलचे शेवटचे नऊ दिवस तिने मला सांगितले. मी फक्त "हं" म्हणत होते. मध्ये एका बाकावर बसलो, परत उठलो. सव्वा तास झाला असेल.

मग साडेदहाला उलटं स्टेशनकडे, राम आश्रय. हे १९३९ चं, माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला अगदी लागून, पहाटे पाचला उघडतं. दिवसभराचे पदार्थ फळ्यावर लिहिलेले असतात, तो फळा आधी वाचा, कारण शिऱ्याची चव बदलत असते. आम्हाला पायनापल शिरा मिळाला, आणि हा इथला नावाजलेला आहे. रवा नीट फुललेला, तूप सुटलेलं, अननसाचे तुकडे खरे, इसेन्सचा वास नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यावर वाढलेल्या माझ्यासारखीलाही तो पटला. इथेही टेबल शेअर करावं लागतं, आमच्या टेबलावर एक आजोबा होते, त्यांनी न विचारता सांगितलं की शिऱ्यासोबत उपमा घ्या, गोड-तिखट एक घास हा एक घास तो. घेतला. बरोबर होते आजोबा.

आणि फिल्टर कॉफी. स्टीलच्या टंबलर-डबऱ्यात, म्हणजे पेला आणि खाली वाटी, वर फेस. ओतून घ्यायची, थोडी निवू द्यायची, परत ओतायची. कॉफीची घाई करू नका एवढंच सांगेन.

दोन्हीकडचं मिळून पाच जणांचं दोन हजाराच्या आत झालं, सगळ्यांनी पोटभर खाल्लं आणि कोणाला काही गार मिळालं नाही.

यायचं कसं तर सेंट्रल लाइनचं माटुंगा, फक्त स्लो गाड्या थांबतात. हे तेच स्टेशन जे २०१७ पासून पूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात, देशातलं पहिलं. वेस्टर्नवाल्यांनी माटुंगा रोडला उतरून पुलावरून पूर्वेला यायचं. रविवारी मेगाब्लॉक बघून निघा, माटुंगा-मुलुंड असा ब्लॉक बऱ्याच रविवारी असतो आणि तो साधारण अकरानंतर सुरू होतो, म्हणून सुद्धा सकाळी लवकर येणं बरं. गाडी आणू नका, पार्किंगला जागा मिळत नाही. लहान मुलं असतील तर चालेल, बाग आहेच, पण ज्यांना फार वेळ उभं राहता येत नाही अशा ज्येष्ठांना घेऊन रविवारी नको, मधल्या वारी आणा, मंगळवार-बुधवार सकाळी.

निघताना ठाण्याची मैत्रीण म्हणाली दोन मिनिटं थांबा. समोर कॉफी पावडरचं दुकान होतं, तिथे उभं राहून तिने कॉफीत मिसळायची चिकोरी किती टक्के पाहिजे ते दुकानदाराशी नीट बोलून पाव किलो ताजी दळून घेतली. बाबांसाठी, म्हणाली. घरातला फिल्टर आईनंतर कोणी काढलाच नव्हता.