मागच्या चाकातील मोटर आणि न बदललेले गिअर

ज्यांच्या इलेक्ट्रिक सायकलची मोटर मागच्या चाकातच बसवलेली आहे, त्यांनी ते चाक दुरुस्तीसाठी परगावी देण्याआधी माझा हा अनुभव वाचावा, अशी विनंती आहे. परभणीसारख्या गावात पंक्चर काढणारे आणि चाकाचा आऊट काढणारे पुष्कळ आहेत, परंतु अशी मोटर उघडून पाहणारे दुकान सहसा सापडत नाही. त्यामुळे चाक सोडवायचे, रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला नेऊन द्यायचे आणि निरोप आला की आणायला जायचे, असा शिरस्ता पडला आहे. काम आपल्या डोळ्यांदेखत होत नाही, आणि याच अंतराचा गैरफायदा घेतला जातो.

माझ्या सायकलची मोटर २५० वॅटची, गिअरवाली आहे. पावसाळ्यानंतर ती जागेवरून सुटताना थरथरू लागली. पायाने थोडा वेग दिला की नीट चाले, पुन्हा थांबून निघताना मात्र तोच झटका. दुकानदाराने चाक न उघडताच निदान सांगितले, की आतले नायलॉनचे गिअर झिजले आहेत, मोटर फिरताना तिची जागा ओळखणारे हॉल सेन्सर जळाले आहेत आणि दोन्ही बदलावे लागतील. या कामाचे ६४०० रुपये घेतले. पक्की पावती मागितली, तर साध्या चिठ्ठीवर ‘मोटर काम’ एवढेच लिहून दिले; जुने भाग मागितले, तर ते कचऱ्यात गेल्याचे सांगितले. चाक घरी आणून बसवले आणि थोड्याच दिवसांत तीच थरथर पुन्हा सुरू झाली.

यानंतर मी ते चाक शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या एका कारागिराकडे नेले. सायकलची मोटर त्यांनी पूर्वी उघडलेली नव्हती, परंतु मोटर म्हणजे काय हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी माझ्यासमोर झाकणाचे स्क्रू काढले. आतले तिन्ही गिअर जुनेच होते; त्यांच्या दातांवर वापराची चकाकी होती, पण झीज म्हणावी अशी नव्हती, आणि ग्रीस काळे पडून सुकलेले होते. सेन्सरचे डाखही मूळचे, न छेडलेले. खरा दोष बाहेर होता. एक्सलचा नट ढिला होता आणि एक्सल फिरू नये म्हणून जो जिभेचा वॉशर असतो, त्याची जीभ चिमट्याच्या खाचेत बसलेलीच नव्हती. जोर लागला की एक्सल किंचित फिरे आणि त्यातून बाहेर येणारी केबल पिळली जाऊन आतल्या बारीक तारा तुटत. संभाजीनगरच्या दुकानात या केबलवर फक्त चिकटपट्टी गुंडाळली होती. म्हणजे दोष कुठे आहे हे त्यांना दिसले होते, आणि तरीही त्यांनी गिअरचे पैसे घेतले. याचा मला मनस्वी संताप आहे.

लक्षणे नीट पाहिली, तर असे खोटे निदान ओळखता येते. गिअरचे दात गेले असतील, तर मोटर आत घरघर फिरते आणि चाक ओढत नाही, किंवा खरखर आवाज येतो. सुटताना थरथरणे आणि वेग आल्यावर सुरळीत चालणे हे बहुतेक वेळा हॉल सेन्सरचे किंवा त्याच्या तारांचे लक्षण असते. चाक अधांतरी धरून, सायकलची बॅटरी चालू ठेवून, सेन्सरच्या काळ्या तारेच्या संदर्भाने पिवळी, हिरवी आणि निळी अशा तिन्ही बारीक तारांवर मल्टिमीटर लावावा. मग चाक हळूहळू उलटे फिरवावे. सुलटे फिरवून उपयोग नाही, कारण गिअरवाल्या मोटरमध्ये एकदिशा क्लच असतो आणि तेव्हा मोटर फिरतच नाही. प्रत्येक तारेवर आकडा शून्य आणि साधारण ५ व्होल्ट यांमध्ये आलटून-पालटून बदलला पाहिजे. जी तार बदलत नाही, तिथे दोष आहे. एवढी तपासणी तुमच्यासमोर करून दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडे चाक ठेवून येऊ नये.

चाक देताना हबवरील क्रमांकाचा फोटो काढावा आणि बदललेले भाग परत हवेत, हे आधीच लिहून घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि वस्तू किंवा कामासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुकान संभाजीनगरचे असले तरी तक्रारदार जिथे राहतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मी ती परभणीतच दाखल केली असून चिठ्ठी, उघडलेल्या मोटरचे फोटो आणि कारागिराचे लेखी म्हणणे सोबत जोडले आहे.