गेमिंग राउटर घेऊन लॅग जातो का? बेळगावच्या शाहापुरातल्या घरात वापरून बघितलेला रिव्ह्यू

आधीच सांगतो, लॅग म्हणजे गेम अडकत, उशिरा चालणं, आणि तो दोन जातीचा असतो, घरातला आणि घराबाहेरचा. गेमिंग राउटर घरातल्या लॅगला पुरून उरतो, बाहेरच्याला तो हातपण लावू शकत नाही. दुकानात हे कोण सांगत नाही. कॉलेज रोडच्या ज्या दुकानातनं आम्ही घेतला तिथला पोरगा "झिरो लॅग सर, गॅरंटी" म्हणत होता, मी म्हटलं तेवढं बिलावर लिहून दे की, तर नुसता हसला.

डबा कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही कारण या किमतीतले सगळे साधारण एकसारखेच, वायफाय ६, चार अँटेना, लाल लाईट, मागे एका लॅन पोर्टवर "गेमिंग" असं लिहिलेलं. आम्हाला बारा हजाराच्या आसपास पडला. ते गेमिंग पोर्ट म्हणजे काही वेगळी वायर नसते बरं का, त्यात जे लावाल त्याच्या डेटाला आधी सोडायचं एवढंच, लेबल काढलं तर बाकीच्या तीन पोर्टांसारखंच एक.

आता घराची परिस्थिती. शाहापुरातलं जुनं घर, खाली दगडी भिंती चांगल्या हातभर जाड, वर नंतर चढवलेले दोन मजले, खालचा धरून तीन. लोकल केबलवाल्याचा १०० एमबीपीएसचा फायबर, त्याचा डबा पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर ठोकलेला. पुतण्या तिसऱ्या मजल्यावर पीसीवर व्हॅलोरंट खेळतो, धाकटा भाऊ फोनवर बीजीएमआय, वहिनींचं पुण्याच्या कंपनीचं काम घरातनं चालतं आणि त्यांच्या मीटिंगा कुणाच्या सोयीने ठरतात काय की, रात्री नऊनंतरच लागतात, आणि त्याच टायमाला बाबांची टीव्हीवरची सिरीयल पण नेटवरनं. म्हणजे नऊ ते अकरा आमच्या घरात रोज बोंब. "काका लॅग मारतंय", "अहो माझा आवाज जातोय का", आणि बाबा म्हणणार की हे चाक किती वेळ फिरणार आहे.

राउटर घेण्याआधी एक काम सगळ्यांनी करा, फुकटचं आहे. पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आपल्याच राउटरच्या आयपीला (नेटवरच्या पत्त्याला) पिंग मारा, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पॅकेट, जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते बघा, १९२.१६८.१.१ किंवा ०.१ जो असेल तो, आणि पाच मिनिटं चालू ठेवा. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर वायफायवरनं कधी ३ मिलीसेकंद, कधी ८०, मध्येच एखादं "टाइम आउट". म्हणजे पॅकेट अजून गल्लीच्या बाहेर पडलेलं नाही आणि ८० मिलीसेकंद खाऊन बसलं! व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशोब करतो, म्हणजे एकेक टिक आठ मिलीसेकंदांपेक्षा कमी, तिथं ८० चा झटका बसला तर तुम्ही कोपऱ्यातनं डोकं काढायच्या आधीच मेलेले असता. बरं नुसता आकडा मोठा असला तरी चालतं एकवेळ, तो सारखा वरखाली होतो ना, ते जास्त त्रासाचं, हाताला सवयच लागत नाही.

याचं कारण सोपं आहे. शाहापूर, खासबाग, वडगाव इकडं घराला घर चिकटलेलं, आमच्या माडीवरनं फोनमध्ये बघितलं तर शेजाऱ्यांच्या वायफायची ही लांबलचक यादी, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झला गर्दी कमी पण ते भिंतीपुढं लगेच हात टेकतं. नवीन राउटरने दुसऱ्या मजल्यावर फरक पडला, भाऊ खूश, फोनवरचा बीजीएमआय आता ५ गिगाहर्ट्झवर व्यवस्थित चालतो. तिसऱ्या मजल्यावर मात्र चार अँटेना असोत का आठ असोत, दगड तो दगड. तिथं शेवटी जिन्यातनं कॅट सिक्स केबल ओढली, काही शे रुपयांचं काम, आणि पीसीवरनं राउटरचा पिंग एकच्या खाली. म्हणून ज्यांना पीसी किंवा प्लेस्टेशनपर्यंत केबल नेता येते त्यांनी पहिल्यांदा केबल न्या आणि मग बघा राउटरची गरज उरते का. आमच्याकडे उरली, कारण पुढचं.

केबल लावूनसुद्धा वहिनींनी स्क्रीन शेअर केला किंवा कुणाच्या फोनचे फोटो बॅकअपला लागले की पुतण्याचा पिंग ३८ वरनं सरळ २५०-३००. स्पीडटेस्ट लावली तर स्पीड ठणठणीत. गेमला स्पीड लागतंच किती हो, एक एमबीपीएससुद्धा सहसा लागत नाही, त्यामुळे १०० चा प्लॅन २०० केला तरी हे जात नाही, केबलवाला मात्र तेच सुचवतो. याला बफरब्लोट म्हणतात. केबलवाल्याच्या डब्यात पॅकेट थांबवून ठेवायला मोठा बफर असतो, अपलोड फुल झालं की सगळी पॅकेटं तिथं एका लाईनीत उभी. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला गेट पडल्यावर कसं, पुढं लॉऱ्या आणि बस, मागं तुम्ही स्कूटर घेऊन, तुम्हाला जागा हातभरच लागते पण लॉऱ्या हलेपर्यंत तुम्हीपण हलत नाही. गेमचं पॅकेट ती स्कूटर, फोटोचा बॅकअप ती लॉरी.

गेमिंग राउटरमधली खरी कामाची गोष्ट इथं येते आणि आमचे बारा हजार मी याच्यासाठी दिले असं समजतो. क्यूओएस, म्हणजे कुणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणारं सेटिंग. पण नुसतं चालू करून भागत नाही. त्यात डाउनलोड अपलोडचे आकडे स्वतः टाकायचे असतात आणि ते प्लॅनचे नाही, रात्री नऊ वाजता स्पीडटेस्टवर जे येतात त्याच्या ८५-९० टक्के. आमचा अपलोड कागदावर १००, रात्री ३५-४० मिळतो, मी ३२ टाकला. मुद्दाम कमी टाकायचं कारण असं की लाईन केबलवाल्याच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागायला पाहिजे, म्हणजे कुणाला आधी सोडायचं ते आपल्या हातात येतं. स्पीड थोडी जाते, ती जाऊ दे. हे केल्यावर वहिनींची मीटिंग चालू, भावाचे व्हिडिओ अपलोडला, आणि पुतण्याचा पिंग ४२ ते ४८. रात्रभर. पोरगं जेवायला खाली यायला तयार होईना, हा एक साईड इफेक्ट.

इथं एक लक्षात ठेवा. बॉक्सवर क्यूओएस लिहिलंय म्हणून फसू नका, पुष्कळ राउटरमध्ये क्यूओएस म्हणजे कुठलं यंत्र पहिलं कुठलं दुसरं एवढी यादी ओढायची, त्याने बफर काही आवरत नाही. एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक (ही बफरमधली लाईन आवरणाऱ्या पद्धतींची नावं) असं काही सेटिंगमध्ये दिसलं तर डोळे झाकून घ्या. केक तर २०१८ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, फुकट आहे, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं फुकट सॉफ्टवेअर) टाकता येणारा एखादा जुना साधा राउटर घरात पडला असेल आणि तुम्हाला खटपटीची हौस असेल तर हेच काम त्याच्यात होतं, लाल लाईट तेवढा मिळणार नाही. दुसरं, क्यूओएस चालू असताना राउटरच्या प्रोसेसरवर ताण येतो. १०० च्या लाईनला काही नाही, पण ५०० किंवा १ गिगाचा प्लॅन असेल तर बऱ्याच राउटरची दमछाक होते आणि स्पीड निम्म्यावर येते.

आता बाहेरचा लॅग. घरात सगळं सुरळीत केल्यावर पिंग ३८ च्या खाली का जात नाही म्हणून ट्रेसर्ट (पॅकेट कुठल्या वाटेने जातं ते दाखवणारी कमांड) मारून बघितला. गेमचा सर्व्हर मुंबईत. बेळगाव ते मुंबई साधारण ५०० किलोमीटर, फायबरमधनं उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन पाच मिलीसेकंद, मधल्या यंत्रांचे थोडे धरले तरी दहा-पंधरात बसायला पाहिजे. तर आमचं पॅकेट इथनं निघून पहिल्यांदा जातं बेंगळुरूला आणि तिथनं मुंबईला! मुंबईच्या सर्व्हरवर गोळी झाडायची तरी आधी राजधानीत हजेरी. १९५६ पासनंचा सीमाप्रश्न पॅकेटालापण सुटलेला नाही. थट्टा सोडा, पण इथं राउटर काहीच करू शकत नाही, पॅकेट कुठल्या वाटेने पाठवायचं ते केबलवाला ठरवतो. अनगोळात एका दोस्ताकडे दुसऱ्या कंपनीची लाईन आहे, त्याच्याकडे तोच गेम, तोच सर्व्हर, २४ येतो, आणि त्याचा राउटर कंपनीने फुकट दिलेला. काउंटर स्ट्राईकवाल्यांनी पण बघून घ्या, त्याचे सर्व्हर मुंबईत आणि चेन्नईत आहेत, मॅच चुकून सिंगापूरला लागली तर कुठलाही राउटर ते अंतर कमी करत नाही.

राउटरच्या अ‍ॅपमध्ये "गेम बूस्ट" नावाचं एक बटण आहे, ते दुसऱ्याच कुठल्या तरी सर्व्हरमार्गे तुमचा डेटा फिरवतं. ज्यांच्या केबलवाल्याची वाट फारच वाकडी असेल त्यांना कधी कधी फायदा होत असेल, आमच्याकडे पिंग वाढला, बंद करून टाकलं. पुढं त्याचे पैसे लागणार म्हणे.

बसवताना एक झंझट आहे. केबलवाल्याच्या डब्याला नुसता नवीन राउटर जोडला तर नॅटवर नॅट बसतं (नॅट म्हणजे अख्खं घर एका आयपीमागं घालणं, ते दोनदा होतं), मग व्हॉइस चॅट जुळत नाही, दोस्ताने बोलावलेल्या लॉबीत शिरता येत नाही. जुना डबा ब्रिज मोडला (नुसतं डेटा पुढं सोडायच्या कामाला) टाकून त्याचं युजरनेम पासवर्ड नवीन राउटरमध्ये घालायचं असतं. आमच्या केबलवाल्याला फोन केला तर पलीकडनं ठरलेलं उत्तर, "सर, रिस्टार्ट माडी नोडी", म्हणजे रिस्टार्ट करून बघा. तीनदा तेच. शेवटी जो पोरगा खांबावर चढून वायर जोडतो त्यालाच घरी चहाला बोलावलं, त्याने दहा मिनिटात करून दिलं. आणि राउटरमध्ये वॅन आयपी (केबलवाल्याकडनं मिळालेला पत्ता) १०० ने सुरू होत असेल, १००.६४ ते १००.१२७ मधला, तर समजा की केबलवाल्याने शेकडो घरं एका आयपीमागं घातली आहेत. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरनं येणाऱ्या डेटाला वाट उघडणं) कितीही करा, नॅट स्ट्रिक्टच, म्हणजे बंदिस्तच दाखवणार, स्टॅटिक आयपी (आपला स्वतःचा कायमचा पत्ता) मागून घ्यावा लागतो, त्याचे वेगळे पैसे.

लाईटचं तर बोलायलाच नको. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते सगळ्यांना माहिती, आणि केबलवाल्याच्या डब्याला आम्ही छोटा यूपीएस लावलेला, त्याला १२ व्होल्ट १ अँपिअर पुरतं. या राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्ट ३ अँपिअरचा. त्या छोट्या यूपीएसवर लावला तर लाल लाईट एकदा लुकलुकतो आणि डबा बंद. म्हणून घेताना अडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचा आणि यूपीएस तेवढ्या ताकदीचा घ्या, नाहीतर रँक्ड मॅचमध्ये लाईट गेली की तुम्ही बाहेर आणि वर पेनल्टी. अडॅप्टर जाडजूड पण आहे, बोर्डावरच्या शेजारच्या दोन पिना झाकून टाकतो. डब्याला भिंतीवर टांगायला भोक दिलेलं नाही, आम्ही फळी ठोकली. आणि गणपतीत मंडप घालताना खांबावरची वायरच तुटली तर, ते दरवर्षीचंच.

खानापूरकडचा एक मित्र विचारत होता मीपण घेऊ का, त्याच्याकडे फायबर पोचलेलाच नाही, फोनच्या हॉटस्पॉटवर खेळतो, पाऊस आला की टॉवर जातो. त्याला सरळ नाही म्हणून सांगितलं. घरात एकटे खेळता आणि केबल लावलीय, त्यांनापण गरज नाही. घरात चार-पाच जण एकाच लाईनीवर असतील आणि स्पीडटेस्ट चांगली असून पिंग उड्या मारत असेल तर घ्या, आणि घेतल्यावर क्यूओएसचे आकडे स्वतः टाका, ऑटोवर ठेवलं तर आमच्याकडे तरी तो रात्रीची स्पीड चुकीची धरत होता. दुकानात पाचशे रुपये सहज कमी करतात, मागून बघा.