शालेय ग्रंथपालाने कोणती कार्यशाळा निवडावी? ग्रामीण विदर्भातील अनुभवावरून एक तुलना

जून महिन्याच्या अखेरीस विदर्भातील शाळा उघडतात आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत शालेय ग्रंथपालाच्या टेबलावर कार्यशाळांची पत्रके जमू लागतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा १२ ऑगस्ट हा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो, त्या सुमारास काही कार्यशाळा ठेवल्या जातात. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या आगेमागे आणखी काही असतात. शाळेत ग्रंथपाल एकटाच असतो, पुष्कळ ठिकाणी तोही अर्धवेळ, आणि तो बाहेरगावी गेला की ग्रंथालयाला कुलूप लागते. त्यामुळे मुख्याध्यापक वर्षातून एखाद्याच कार्यशाळेसाठी कार्यमुक्त करतात. ती एक कोणती असावी, हा प्रश्न मला दरवर्षी दोन-तीन सहकारी विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, पाचवी ते बारावीच्या अनुदानित शाळेत ग्रंथपाल म्हणून काम करताना मी एकदिवसीय, संगणकीकरणाच्या निवासी, वाचनविषयक आणि ऑनलाइन अशा चारही प्रकारांचा अनुभव घेतला आहे. त्या आधारावर ही तुलना मांडत आहे.

एकदिवसीय कार्यशाळा

जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होणारी एका दिवसाची कार्यशाळा सर्वांत सोयीची असते. नोंदणी शुल्क थोडे असते, सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परतता येते आणि एकाच दिवसाची कर्तव्य रजा लागते. अर्थात हे जिल्ह्यावर अवलंबून आहे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरांहून अधिक. तेथील ग्रंथपालासाठी ‘एकदिवसीय’ कार्यशाळा म्हणजे आदल्या दिवशी निघणे आणि तिसऱ्या दिवशी शाळेत हजर होणे.

या प्रकारात नोंदवह्यांची माहिती चांगली मिळते. दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद, कशी लिहावी, साठा पडताळणीचा अहवाल कसा तयार करावा, फाटक्या आणि कालबाह्य पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती साठ्यातून कमी करण्याचा, प्रस्ताव शाळा समितीपुढे कसा ठेवावा, लेखापरीक्षणाच्या वेळी कोणते कागद हाताशी असावेत, हे सारे जाणत्या ग्रंथपालाकडून प्रत्यक्ष ऐकायला मिळते. ज्यांनी नुकताच पदभार घेतला आहे आणि ज्यांच्या हाती आधीच्या ग्रंथपालाने अर्धवट नोंदवह्या सोपविल्या आहेत, त्यांना याच दिवसाचा सर्वाधिक उपयोग होईल. जिल्ह्यातील इतर ग्रंथपालांशी ओळख होते हा लाभही लहान नाही, कारण पुढे वर्षभर अडचण आली की फोन त्यांनाच करावा लागतो.

मात्र पत्रक नीट वाचावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ च्या कक्षेत गावोगावची सार्वजनिक वाचनालये येतात. त्यांच्यासाठीच्या कार्यशाळांत अ, ब, क, ड दर्जा, परिरक्षण अनुदान आणि कर्मचाऱ्यांचे वेतन यांवर चर्चा होते. ती चर्चा महत्त्वाचीच आहे, परंतु शालेय ग्रंथालय त्या अनुदानाच्या रचनेत बसत नाही. विषयपत्रिकेत ‘विद्यार्थी’ हा शब्द एकदाही नसेल, तर ती कार्यशाळा आपल्यासाठी आखलेली नाही असे समजावे.

संगणकीकरणाची निवासी कार्यशाळा

तीन ते पाच दिवसांच्या या कार्यशाळा बहुधा नागपूर किंवा अमरावती येथे विद्यापीठ-महाविद्यालयांच्या परिसरात होतात. त्यांत ग्रंथालयाच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणाऱ्या दोन संगणक प्रणालींचा सराव प्रामुख्याने घेतला जातो: न्यूझीलंडमध्ये १९९९ मध्ये विकसित झालेली मुक्त स्रोत प्रणाली कोहा आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय. कोहा विनामूल्य आहे ही गोष्ट प्रशिक्षक आवर्जून सांगतात आणि ती खरीही आहे, पण सर्व्हर, लिनक्सची देखभाल आणि नियमित बॅकअप यांसाठी माणूस लागतो आणि पैसाही लागतो. महाविद्यालयात ती व्यवस्था असते. आपल्याकडे संगणक कक्षातील जुना संगणक, त्यावर परीक्षेचे काम आणि वरून भारनियमन अशी स्थिती असते. ई-ग्रंथालयात सर्व्हरचा भार शाळेवर येत नाही. मात्र इंटरनेट अखंड लागते आणि आपल्या संस्थेला ती सुविधा मिळू शकते का, याची चौकशी कार्यशाळेला जाण्यापूर्वीच करावी लागते.

माझा अनुभव सांगते. निवासी कार्यशाळेहून मी मोठ्या उत्साहाने परतले आणि एका दिवाळीच्या सुटीत अकराशे पुस्तकांच्या नोंदी शाळेच्या संगणकावर केल्या. पुढच्या वर्षी तो संगणक बिघडला, दुरुस्तीला गेला आणि फॉरमॅट होऊन परत आला. बॅकअप कसा घ्यावा हे कार्यशाळेत शेवटच्या दिवशी, प्रमाणपत्र वाटपापूर्वीच्या अर्ध्या तासात, पडद्यावर दाखविले गेले होते. प्रत्यक्ष आमच्याकडून करवून घेतले नव्हते. तेव्हापासून मी संगणकीकरणाच्या कार्यशाळेची पारख याच गोष्टीवरून करते की बॅकअप घेणे आणि तो दुसऱ्या संगणकावर पुन्हा चढविणे या दोन्ही कृती सहभागींच्या हातून करवून घेतल्या जातात किंवा नाही.

दुसरी पारख मराठीची आहे. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदींवर शिकविलेले कौशल्य मराठी कपाटापुढे अपुरे पडते. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली यादी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर देवनागरी सारखीच वाचता येईल अशा प्रमाण पद्धतीत, आणल्याशिवाय शोध लागत नाही. लेखकाचे नाव एकाने ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज’ असे लिहिले, दुसऱ्याने ‘तुकडोजी महाराज’ असे आणि तिसऱ्याने ‘इंगळे, माणिक बंडोजी’ असे, तर एकाच व्यक्तीची पुस्तके तीन ठिकाणी विखुरतात. विदर्भातील बहुतेक शाळांत ही पुस्तके असतातच, त्यामुळे ही अडचण पहिल्याच दिवशी समोर येते. वर्गीकरणाचेही तसेच आहे. विषयानुसार पुस्तकांना क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे, आणि मराठी माध्यमाच्या शाळेत निम्म्याहून अधिक पुस्तके त्याच एका क्रमांकाखाली येऊन बसू शकतात. पाचवीतील मुलीला त्या आकड्याचा काही उपयोग नसतो. तिला प्राण्यांच्या गोष्टींचा कप्पा कोणता हे समजले पाहिजे. यावर रंगीत पट्ट्यांचा किंवा वाचनपातळीनुसार मांडणीचा काही मार्ग प्रशिक्षक सुचवू शकत असेल, तर त्याने शाळेचे ग्रंथालय पाहिलेले आहे.

ज्या शाळेत पुस्तके तीन-चार हजारांच्या आत आहेत, तिने दाखल नोंदवहीचेच रकाने घेऊन युनिकोडमध्ये एक्सेलची यादी आधी पूर्ण करावी आणि त्यानंतर अशा कार्यशाळेचा विचार करावा, असे माझे मत आहे. तयार यादी पुढे कोणत्याही प्रणालीत घालता येते.

वाचन आणि गोष्टींवर आधारित प्रशिक्षण

मुलांच्या हाती पुस्तक कसे द्यावे, मोठ्याने कसे वाचावे, कोणते पुस्तक कोणत्या वयाला आणि का, हे शिकविणाऱ्या कार्यशाळांची पत्रके आपल्याकडे क्वचित येतात आणि पुष्कळ मुख्याध्यापकांना तो ग्रंथपालाचा विषय वाटतही नाही. टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्स हा या प्रकारातील दीर्घ अभ्यासक्रम आहे. त्यात प्रत्यक्ष संपर्क सत्रे असतात आणि मधल्या काळात आपल्याच ग्रंथालयात करावयाचे काम असते. तो कित्येक महिने चालतो, म्हणून रजा आणि शुल्क यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षी तो कोणत्या भाषेत चालणार आहे हेही पाहून घ्यावे. मी स्वतः गेले होते ती दोन दिवसांची लहान कार्यशाळा होती, एका स्वयंसेवी संस्थेने तालुक्यातच घेतलेली.

तेथे प्रत्येकाला आपल्या ग्रंथालयातील पाच पुस्तके आणण्यास सांगितले होते. मी कपाटातील चांगल्या स्थितीतील पाच निवडली. माझ्या शेजारच्या ताईंनी आणलेल्या एका बालकथासंग्रहाची पाने उघडताना लक्षात आले की त्याच्या वरच्या कडा अजून कापलेल्याच नाहीत. दोन-दोन पाने एकमेकांना जोडलेली होती. आत शाळेचा शिक्का होता, दाखल क्रमांक होता, नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती. प्रशिक्षिकेने पट्टी मागून घेतली, ती पाने आमच्यासमोर सावकाश कापली आणि पहिली गोष्ट तेथेच मोठ्याने वाचली. त्यानंतर आम्ही आपापली पुस्तके तपासली. माझ्या पाचांपैकी तीन पुस्तकांची देवघेव पत्रिका कोरी होती. चांगल्या स्थितीतील पुस्तके म्हणून जी मी निवडली होती, ती कोणी नेलीच नसल्यामुळे चांगल्या स्थितीत राहिली होती.

कपाटे कुलपात का राहतात, यावर त्या दिवशी मोकळेपणाने बोलणे झाले. पुस्तक हरवले तर त्याची किंमत आपल्याकडून वसूल होईल ही भीती बहुतेकांनी सांगितली. या भीतीवर व्याख्यानाचा इलाज नसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्याध्यापकांनाही बोलावले होते आणि वर्षाकाठी किती पुस्तके हरवली किंवा फाटली तर ती वापरातील झीज म्हणून समितीपुढे मांडायची, हे त्यांच्यासमोर ठरले. माझ्या शाळेत देवघेव वाढण्याचे कारण तो अर्धा दिवस आहे, यात मला शंका नाही.

आपल्या भागात भाषेचा प्रश्नही येथेच हाताळला जातो. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांत कोलामी बोलणारी मुले आहेत, मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी व माडिया. घरी मराठी न बोलणाऱ्या पाचवीतील मुलापुढे छापील मराठी कथासंग्रह ठेवून तो वाचनात मागे आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. चित्रे पाहून गोष्ट त्याच्या भाषेत आधी सांगून घेणे आणि मग मराठी मजकुराकडे जाणे, ही रीत मी त्या कार्यशाळेत शिकले. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या २०१५ पासूनच्या मुक्त संकेतस्थळावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील चित्रकथा विनामूल्य मिळतात, त्या छापून वापरता येतात आणि त्यांचे भाषांतरही करता येते. आमच्या शाळेत नववीच्या मुलींनी एका चित्रकथेचा मजकूर कोलामीत, देवनागरी लिपीत, लिहून पानांवर चिकटविला आहे. ते पुस्तक दाखल नोंदवहीत नाही, पण सर्वाधिक हाताळले जाते.

ऑनलाइन अभ्यासक्रम

स्वयम् या शासकीय मंचावर ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क भरून केंद्रावर जावे लागते. प्रवास वाचतो, रजा लागत नाही. भाषा बहुधा इंग्रजी असते आणि आशय महाविद्यालयीन ग्रंथालयाकडे झुकलेला असतो. ज्यांची पदवी जुनी आहे आणि ज्यांना विषयाची उजळणी करायची आहे त्यांच्यासाठी ते पुरेसे आहे. गोष्ट वाचताना आवाज कोठे थांबवावा, हे मात्र मुलांसमोर बसूनच उमगते.

वेळ, खर्च आणि प्रमाणपत्र

वेळेचा विचार आपल्याकडे वेगळा करावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते आणि उन्हाच्या तडाख्यात प्रवास करून दुपारची सत्रे ऐकणे कठीण जाते. दिवाळीनंतर कापूस वेचणीमुळे वर्गांतील उपस्थिती घटते. ग्रंथपालाला कार्यमुक्त होण्यास तो काळ सोपा असला, तरी परतल्यावर शिकलेले लगेच वापरायला मुले पुरेशी नसतात. जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो.

प्रमाणपत्रावरून निर्णय घेऊ नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांना दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असे म्हटले आहे, परंतु एखाद्या कार्यशाळेचे तास आपल्या सेवापुस्तकात धरले जातील का, हे कार्यालयाकडून लेखी विचारून घेतलेले बरे. प्रवासखर्चाची मंजुरीही जाण्यापूर्वीच घ्यावी.

जिल्हा परिषद शाळेतील ज्या शिक्षकाकडे ग्रंथालयाचा प्रभार आहे, त्याने माझ्या मते वाचनविषयक कार्यशाळाच निवडावी. समग्र शिक्षा योजनेतून शासकीय शाळांना इयत्तांनुसार ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. त्या रकमेतून कोणती पुस्तके घ्यावीत हे ठरविण्याची समज त्याला तेथेच मिळेल. नवा पदभार घेतलेल्याने एकदिवसीय कार्यशाळेला जावे. ज्यांची यादी युनिकोडमध्ये पूर्ण आहे आणि ज्यांच्या शाळेत संगणक केवळ ग्रंथालयासाठी ठेवलेला आहे, त्यांनीच निवासी संगणकीकरणासाठी पाच दिवस द्यावेत. जुने, नोंदवह्या व्यवस्थित असलेले, पण देवघेव थंडावलेले ग्रंथपाल बहुसंख्य आहेत; त्यांनी पहिली पसंती वाचनाच्या प्रशिक्षणाला द्यावी, त्यासाठी एक वर्ष वाट पाहावी लागली तरी.

नाव नोंदविण्यापूर्वी पत्रकावरील क्रमांकावर फोन करून मी अलीकडे एकच गोष्ट विचारते: माझ्या ग्रंथालयातील काही पुस्तके सोबत आणू का? या वर्षी एका ठिकाणाहून उत्तर आले की पुस्तकांची आवश्यकता नाही, वही-पेन पुरेसे आहे. दुसऱ्या ठिकाणी पलीकडच्या बाईंनी क्षणभर थांबून विचारले की मुलांनी आजवर न नेलेली पुस्तके आणता येतील का. मी दुसरीकडे नाव नोंदविले आहे.