अपंगत्व आलं, हप्ता थकला: फेरबांधणी, सेटलमेंट की थांबून राहणं?

माझा मावसभाऊ चाकणजवळच्या एका कारखान्यात मशीन चालवायचा, ठेकेदाराकडून. पगार १९,०००. पहाटेच्या पाळीला दुचाकीवरून निघालेला असताना ट्रकने उडवलं आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तेव्हा पर्सनल लोनचे २,८०,००० रुपये बाकी होते, हप्ता ९,७०० च्या आसपास. शिवाय क्रेडिट कार्ड. दोन हप्ते चुकले, फोन सुरू झाले, आणि त्याने घाबरून पीएफ काढला. सगळाच. बँकेचे चार-पाच महिने भागले आणि पुन्हा फोन सुरू झाले.

आज तुम्ही अशाच ठिकाणी उभे असाल तर पुढे तीन रस्ते दिसतात: हप्ता कमी करून घ्यायचा, एकरकमी तडजोड करून मिटवायचं, किंवा सध्या काहीच न भरता कायद्याच्या आधाराने थांबायचं. कुठला धरायचा हे बँकेची ऑफर ऐकून ठरवू नका. तुमच्याकडे कुठून, किती आणि कधी पैसा येणार आहे ते आधी पाहा, रस्ता त्यावरून ठरतो. अडचण अशी की बँक रोज फोन करते आणि सरकारी कार्यालय कधीच करत नाही, त्यामुळे नव्वद टक्के घरांत हे उलट्या क्रमाने होतं. (नव्वद हा आकडा माझा, चिडून काढलेला.)

आधी येणं बघा

पहिला कागद दिव्यांगत्वाचा दाखला, म्हणजे यूडीआयडी. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, सरकारी रुग्णालयात तपासणी होते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत आणि बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून पुढे सुरू होतात. हा दाखला नसेल तर खालचं जवळपास काहीच हलत नाही.

दुसरं, पासबुक उघडा आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली २० रुपयांची वजावट शोधा. मावसभावाच्या पासबुकात ती होती, शाई पुसट, त्याला पत्ताच नव्हता. खातं उघडताना कुणीतरी सही घेतलेली. ही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: अपघातात एक पाय, एक हात किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख, दोन्ही गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. दावा लवकर करायचा असतो, म्हणून पोलिसांचा पंचनामा आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा.

तिसरं, कर्जाचं मंजुरीपत्र पुन्हा वाचा. मंजूर तीन लाख आणि खात्यात आले दोन लाख ब्याऐंशी हजार, असं काही झालं असेल तर मधली रक्कम सगळीच प्रोसेसिंग फी नसते. बऱ्याचदा त्यात कर्जाला जोडलेला विमा असतो आणि काही पॉलिसींत अपघाती अपंगत्वही येतं. ज्या कर्जासाठी वसुलीवाले दारात येतात, तेच कर्ज फेडायला विमा कंपनी बांधील असू शकते. बँकेचा माणूस हे आपणहून सांगेल अशी आशा धरू नका.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल तर तो सगळ्यांत मोठा आधार. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. कामावरच्या अपघातात मात्र बरे होईपर्यंत ९० टक्के, आणि पुढे मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती गेली ते ठरवून त्या प्रमाणात कायमचा लाभ देतं. इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही, ड्यूटीला जाता-येताना झाल्याचं सिद्ध झालं तर, कामावरचाच धरला जातो. ठेकेदार ‘रस्त्यावर झालंय, आमचा संबंध नाही’ म्हणून अपघाताचा अहवालच पाठवत नाही. आमच्याकडेही तेच झालं. पंचनाम्यातली वेळ आणि पाळीची हजेरी, या दोन कागदांनी गाडी पुढे सरकली.

आता पीएफ. इथेच मावसभावाने घोडचूक केली. नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, म्हणजे तोवर जमत असलेलं काम करणंच अशक्य झालं, तर ईपीएस-९५ या पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेतून अपंगत्वाचं पेन्शन मागता येतं. त्याला दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही, एका महिन्याची वर्गणीही पुरते, आणि अपघात कामावरच झालेला असावा असंही नाही. अर्ज १०डी फॉर्मवर. रक्कम मोठी नसते, किमान पेन्शन महिना १,००० रुपये, पण आयुष्यभर. त्याने पीएफ काढताना सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याने सोबत १०सी पण भरला. म्हणजे पेन्शनचे पैसे एकरकमी उचलले. पैसे आले आणि पेन्शनचा हक्क त्यांच्याबरोबर गेला.

त्यात आणखी वाईट म्हणजे पीएफमध्ये असलेल्या पैशाला कोर्टाची जप्ती लागत नाही. बँक त्याला हात लावू शकत नव्हती. तो त्याने स्वतः काढून बँकेला नेऊन दिला.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये आहेत. अर्ज तहसील कार्यालयात. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,०००. म्हणजे महिन्याला चार हजार शंभर-दोनशे. बायको दोन घरी पोळ्या करत असेल तरी माणूस अपात्र ठरू शकतो. काल-परवापर्यंत पगार घेणाऱ्याला पहिल्या वर्षी ही योजना सहसा बसत नाही, कारण उत्पन्नाच्या दाखल्यात मागचं वर्ष येतं. तरी कागद तयार ठेवा. गोव्यात असाल तर दयानंद सामाजिक सुरक्षा योजना बघा.

आणि हे पैसे ज्या बँकेचं कर्ज आहे त्या बँकेच्या खात्यात येऊ देऊ नका. थकबाकीपोटी बचत खात्यातली रक्कम वळती करून घेण्याचा हक्क बँका सांगतात, शिवाय हप्ता परत गेला की दरवेळी दंड कापला जातो. दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात खातं काढून आधार तिथे जोडा. अनुदान आधार जिथे जोडलेलं आहे तिथेच जमा होतं.

फेरबांधणी

हप्ता लहान, मुदत लांब. ऐकायला बरं वाटतं. हिशेब करून बघू: २,८०,००० रुपये, १५ टक्के व्याज, तीन वर्षं बाकी, तर हप्ता सुमारे ९,७०० आणि एकूण भरणा साडेतीन लाखांच्या आत. तेच सात वर्षांवर नेलं की हप्ता ५,४०० होतो, पण भरणा साडेचार लाखांवर जातो. एक लाखाहून जास्त फक्त दम खाण्याची किंमत.

ती किंमत मोजावी अशी वेळ असते. नोकरी टिकणार आहे, कंपनी बसून करायचं काम देते आहे, ईएसआयचे पैसे येताहेत, तर फेरबांधणीच घ्या. सरकारी नोकरीत असाल तर प्रश्नच नाही: सेवेत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. कुणी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही मागितली तर घरी नेऊन वाचतो म्हणा.

बँका याला सहज तयार होत नाहीत. अडचणीतल्या कर्जाच्या अटी सैल केल्या की ते कर्ज त्यांना साधारणपणे बुडीत वर्गात दाखवावं लागतं. म्हणून शाखेत तोंडी ‘नाही’ ऐकून परतू नका. दाखला जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, चौकशीचा क्रमांक १४४४८.

सेटलमेंट

समजा बँक १,१०,००० मध्ये मिटवायला तयार झाली. पैसा कुठून येणार, यावर सगळं आहे. विम्याच्या दाव्यातून येणार असेल तर विचार करण्यासारखं आहे. पीएफमधून, बायकोच्या गंठणातून किंवा सावकाराकडून आणणार असाल तर नाही, ठाम नाही. विनातारण कर्ज मिटवायला घरातलं सुरक्षित धन काढायचं नसतं.

क्रेडिट अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ उमटतं आणि ते वर्षानुवर्षं राहतं. तडजोडीनंतर ती बँक तुम्हाला निदान वर्षभर नवं कर्ज देणार नाही, शेतीकर्ज सोडून. लोक याला फार भितात. पण पाय गेलेल्या आणि नोकरी गेलेल्या माणसाला पुढची पाच वर्षं नवं कर्ज न मिळणं ही आपत्ती नाही. मला तर ते वरदान वाटतं.

भिण्यासारखं दुसरंच आहे. वसुली एजंट व्हॉट्सअॅपवर आकडा पाठवतो, ‘आज रात्री बारापर्यंतच’ म्हणतो, पैसे जातात आणि सहा महिन्यांनी दुसरी एजन्सी उरलेले मागते. बँकेच्या लेटरहेडवर पत्र, त्यात कर्जखात्याचा क्रमांक, रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही येणं नाही’ हे वाक्य. मगच पैसे, तेही थेट कर्जखात्यात. जामीनदार असेल तर तोही मोकळा झाल्याचं त्याच पत्रात हवं. हप्त्याहप्त्याने सेटलमेंट घेऊ नका, एक चुकला की सवलत जाते.

दोन्ही कर्जं असतील तर आधी कार्ड मिटवा. त्याचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास चालतं आणि ‘किमान रक्कम’ भरत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

थांबून राहणं

हा रस्ता कुणी सुचवत नाही, कारण त्यात कुणाला कमिशन नाही. घरात फक्त निराधारचे अडीच हजार आणि थोडं पेन्शन येत असेल, विकण्यासारखं काही नसेल, तर न भरणं हा गुन्हा नाही. पैसे नाहीत एवढ्यासाठी कर्जदाराला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं आहे. विनातारण कर्जाला बँकेने दावा लावून हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा आदेश, मिळवायचा, मग जप्ती. त्या जप्तीतूनही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने बरंच वगळलं आहे: कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, धर्माच्या रिवाजाने बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सुटतात. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांत बदनामी करायची नाही. फोनची नोंद तारीख-वेळेसह वहीत ठेवा, तक्रारीत तीच कामाला येते.

पण दोन फटी आहेत. चेक दिलेले असतील किंवा बँक खात्यातून आपोआप कापण्याची परवानगी असेल आणि ती परत गेली, तर फौजदारी खटला होऊ शकतो. तशी नोटीस आली की पंधरा दिवसांची मुदत असते, ती झोपून घालवू नका. दुसरं, तीन वर्षं गेली की दावा मुदतबाह्य होतो हे खरं, पण मधेच ‘दया म्हणून पाचशे तरी भरा’ला भुलून भरलेत किंवा लेखी कबुली दिलीत तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात.

वकिलाचा खर्च ही अडचण नाही. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात जा, नाहीतर १५१०० ला फोन करा. लोकअदालतीत तिथेच सेटलमेंटही होतं, फक्त त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी आकडा झेपणारा आहे ना, ते बघा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर

वरचं ‘थांबून राहणं’ विसरा. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली पतसंस्थेला निबंधकाकडून थेट वसुली दाखला मिळतो, दिवाणी दावा लागत नाही. आणि पहिला दणका तुमच्यापेक्षा जामीनदाराच्या पगाराला बसतो, जो बहुधा तुमचा मेहुणा किंवा शेजारी असतो. रिझर्व्ह बँकेचा लोकपालही इथे येत नाही. पतसंस्थेत पहिला हप्ता चुकायच्या आधीच जामीनदाराला सोबत घेऊन जा.

मावसभावाने शेवटी कार्ड विम्याच्या १ लाखातून सेटल केलं आणि लोन लोकअदालतीत नेलं. ईएसआयचं बोर्ड अजून व्हायचं आहे. त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्यात वर आता यूडीआयडी असतं, आणि मोबाइलवर अनोळखी नंबर आला की घड्याळ बघूनच उचलतो.