वीर चक्राचा खोटा दावा करून आमच्या कॉलनीत पैसे गोळा करणारा ‘सुभेदार’

कोल्हापूरच्या फुलेवाडी भागातील आमच्या कॉलनीत गेल्या वर्षी एक गृहस्थ भाड्याने राहायला आले. आपण लष्करातून सुभेदार पदावरून निवृत्त झालो, कारगिलच्या युद्धात प्रत्यक्ष लढलो आणि त्याबद्दल आपल्याला वीर चक्र मिळाले, असे ते सांगत. पुढे लष्करी कॅन्टीनमधून स्वस्तात वस्तू मिळवून देण्याच्या नावाखाली त्यांनी अनेक कुटुंबांकडून पैसे घेतले आणि एके रात्री खोली रिकामी करून ते निघून गेले. त्यांनी लष्करात कधीही नोकरी केलेली नव्हती, हे नंतरच्या चौकशीत उघड झाले. आमच्याकडून गेल्यावर याच माणसाने कागल तालुक्यातील एका गावात तोच परिचय देऊन बस्तान बसवायला सुरुवात केल्याचे समजल्यामुळे हा सर्व प्रकार सविस्तर लिहीत आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात असा माणूस सहज का खपून जातो, हे बाहेरच्यांना कळणार नाही. इथे फौजेत माणूस नाही असे गाव शोधावे लागते. शिरोळ तालुक्यातील एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे. मराठा लाईट इन्फंट्रीत पिढ्यान्‌पिढ्या मुले पाठवणारी घरे आहेत, टेंबलाई टेकडीवर प्रादेशिक सेनेची बटालियन आहे, आणि सुट्टीवर आलेल्या जवानाला एसटीत आपणहून जागा देणारी माणसे आजही आहेत. हा आदर फुकटचा नाही, तो अनेक घरांनी आपली मुले देऊन मिळवलेला आहे. त्या माणसाने नेमका त्यावरच हात मारला.

सुरुवातीचे काही महिने त्याने कोणाकडे एक रुपयाही मागितला नाही. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांबरोबर तो पहाटे धावायला जाई, त्यांना सावधान-विश्राम शिकवी, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करी. स्वातंत्र्यदिनाला आमच्या मंडळाने त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावले, तेव्हा तो गडद निळा ब्लेझर, डोक्यावर पॅरा रेजिमेंटची मरून बेरे टोपी आणि छातीवर पदकांची रांग लावून आला. शाल, श्रीफळ आणि फेटा देऊन त्याचा सत्कार झाला. आमच्या कॉलनीत एक वीरपत्नी राहतात. त्यांनी स्वतः पुढे होऊन त्याचे औक्षण केले आणि ओवाळताना त्यांचे डोळे भरून आले होते. पैशांचे नुकसान भरून निघेल, परंतु त्या बाईंच्या हातून त्याने जे करून घेतले, त्याची भरपाई कशानेच होणार नाही.

त्या सत्काराची छायाचित्रे हेच पुढे त्याचे भांडवल झाले. एखाद्या नव्या घरी गेला की तो स्वतःबद्दल फारसे बोलत नसे. मोबाईलमधले छायाचित्र दाखवी आणि त्यातील प्रतिष्ठित मंडळींची नावे घेई. समोरच्याला वाटे, एवढ्या लोकांनी फेटा बांधला त्या अर्थी चौकशी झालेलीच असणार. प्रत्यक्षात ती कोणीच केलेली नव्हती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याने केली असेल असे धरून चालला होता.

दिवाळीच्या तोंडावर त्याने कॅन्टीनचा विषय काढला. आपल्या कार्डावर या वर्षीचा कोटा शिल्लक आहे, फ्रीज, टीव्ही, दुचाकी बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळेल, मात्र पैसे आधी भरावे लागतात, असे त्याचे म्हणणे होते. पहिल्या दोघांना त्याने मिक्सर आणि प्रेशर कुकर खरोखरच आणून दिले. ते बाजारातूनच पूर्ण किमतीला घेतलेले असावेत, असे आता वाटते. त्यानंतर मात्र लोकांनी दहा-पंधरा हजारांपासून दुचाकीसाठी साठ-सत्तर हजारांपर्यंत रकमा दिल्या. माझ्या धाकट्या भावाने मुलीला महाविद्यालयात जायला गाडी हवी म्हणून बचत गटातून उचललेले पैसे त्याच्या हातात ठेवले. वास्तविक कॅन्टीनमधील माल कार्डधारक आणि त्याच्या कुटुंबाच्या वापरासाठी असतो आणि तो बाहेरच्यांना विकण्यास मनाई आहे. मोठ्या वस्तूंची मागणी कार्डधारकाच्याच नावाने नोंदवावी लागते आणि वाहनही त्याच्याच नावावर होते. म्हणजे खरा माजी सैनिक असता, तरी त्याला हा व्यवहार आमच्यासाठी नियमाने करता आला नसता.

त्याचे बिंग फुटले ते माझ्या पत्नीच्या मामांमुळे. मामा सैनिक टाकळीचे, मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्याकडे आले असता त्यांनी सत्काराचे छायाचित्र पाहिले, चष्मा वर करून मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “शौर्यपदक रांगेत सगळ्यात पहिलं असतंय. ह्यानं शेवटाला लावलंय. आणि कारगिलात लढला म्हणतोय, तर ऑप विजय स्टार कुठाय ह्याच्या छातीवर?” वीर चक्राची फीत अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी असते, हेही मला त्या दिवशी समजले. छायाचित्रातल्या पदकाची फीत एकरंगी होती.

संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर भेटला. मामांनी रामराम केला आणि सरळ विचारले, “साहेब, मी बी फौजेतलाच. तुमचा जेसी नंबर काय?” नायब सुभेदारापासून वरच्या कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांचे क्रमांक ‘जेसी’ने सुरू होतात. त्याने आपण गुप्त कारवायांमध्ये होतो, त्यामुळे क्रमांक सांगता येत नाही, असे उत्तर दिले. त्यावर मामा म्हणाले, “नंबर काय गुपित नसतंय ओ. माझा मला झोपेतनं उठवून विचारला तरी सांगतोय.” तो चहा तसाच टाकून उठला आणि त्याच आठवड्यात खोली सोडून गेला. घरमालकाकडे ठेवलेल्या आधार कार्डाच्या प्रतीवर त्याचे जन्मवर्ष १९८४ होते. म्हणजे १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल पेटले तेव्हा त्याचे वय पंधरा होते.

‘गुप्त कारवाई’ हे उत्तर अशा माणसांच्या तोंडी हटकून येते, म्हणून त्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, तसेच अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही पदके भारताच्या राजपत्रात जाहीर होतात आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर मानकऱ्यांची नावे पाहता येतात. नाव तिथे दिसत नसेल, तर सत्काराचा विषय तिथेच थांबवावा. निवृत्त सैनिकाकडे डिस्चार्ज बुक असते, पीपीओ म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश असतो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे माजी सैनिक ओळखपत्र असते. मंडळाच्या लेटरहेडवर या कार्यालयाला पत्र देऊन चौकशी करणे अवघड नाही. असे विचारल्याने खऱ्या सैनिकाचा अपमान होत नाही. मामांना मी याबद्दल विचारले, तर कागद दाखवायला आपल्याला अभिमानच वाटेल, असे ते म्हणाले.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार, सैनिक नसताना लोकांना तसे वाटावे या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही शिक्षा फार थोडी आहे, असे माझे मत आहे. परंतु तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास कलम ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत, आणि फसवून मालमत्ता घेतल्यास कलम ३१८ खाली सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून तक्रारीत केवळ पैशांचा व्यवहार लिहू नये. पोशाख, पदके आणि त्या जोरावर घेतलेली रक्कम हे तिन्ही एकत्र मांडावे, आणि सत्काराची मूळ छायाचित्रे, मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांच्या पावत्या व साक्षीदारांची नावे सोबत जोडावीत. रोख रक्कम देणाऱ्यांकडे कोणताच कागद नसल्यामुळे आमच्यातील काही जणांचे जबाब कच्चे राहिले आहेत.

कागल तालुक्यातील त्या गावात प्रजासत्ताकदिनाच्या कार्यक्रमासाठी त्याच्या छायाचित्राचा फ्लेक्स छापून तयार होता. आमच्या मंडळाचे कार्यकर्ते तक्रारीची प्रत घेऊन तिथे गेले, सरपंचांनी ती वाचली आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेतून त्याचे नाव काढले. त्याच्या जागी गावातल्याच एका निवृत्त नाईकांच्या हस्ते झेंडावंदन झाले.