मोबाइल स्टँड, चौरंग आणि माझी मान : आठ महिन्यांचा अनुभव

मी वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहते आणि नववी-दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. मुले सोडवलेल्या गणितांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर झोपाळ्यावर बसून, मोबाइल मांडीवर धरून ते तपासायचे, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ होता. गेल्या श्रावणात मात्र मान वळवली की उजव्या खांद्यापर्यंत कळ जाऊ लागली आणि मागून कोणी हाक मारली तर सगळे अंगच वळवावे लागे.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी स्नायूंवरचा ताण असल्याचे सांगितले. हाताला मुंग्या येत असत्या किंवा पकड कमी झाली असती, तर आधी डॉक्टरांकडे पाठवले असते, असेही त्या म्हणाल्या. त्यानंतर मी रावपुऱ्यातील एका दुकानातून ३८० रुपयांना ॲल्युमिनियमचा, दोन बिजागऱ्यांचा घडीचा स्टँड घेतला.

पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडला नाही, आणि त्याचे कारण गणिताच्या शिक्षिकेला आधीच कळायला हवे होते. टेबल ७५ सेंटिमीटर उंच आणि स्टँड पूर्ण उंचावला तरी २५ सेंटिमीटर, म्हणजे मोबाइल जमिनीपासून १ मीटरवर. खुर्चीत ताठ बसल्यावर माझे डोळे मात्र ११५ सेंटिमीटरवर येतात. उरलेले १५ सेंटिमीटर मी मान वाकवून भरून काढत होते. शेवटी गणपतीचा चौरंग टेबलावर चढवला आणि त्यावर स्टँड ठेवला, तेव्हा मोबाइल डोळ्यांच्या रेषेत आला. गणेशोत्सवात चौरंग अर्थातच ज्याचा त्याला परत गेला आणि ते दिवस जाड शब्दकोशांच्या चळतीवर काढावे लागले.

मान ६० अंशांत वाकवली की तिच्यावर सुमारे २७ किलोंचा भार येतो, हे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले असते. तो आकडा अमेरिकेतील मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपातला आहे, प्रत्यक्ष माणसांच्या मानेवर केलेल्या मोजमापातला नाही. म्हणून त्याने घाबरून जाण्याचे कारण मला दिसत नाही. परंतु साधारण पाच किलो वजनाचे डोके पुढे झुकले की ते सावरून धरण्यासाठी मागच्या स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो, ही गोष्ट तराजूइतकी सरळ आहे.

फोटो तपासणे, वाचणे आणि व्हिडिओ कॉल यांसाठी स्टँड उत्तम आहे. टंकलेखनासाठी मात्र तो निरुपयोगी आहे, कारण हात अधांतरी धरून चार ओळी लिहिल्या की मानेचे दुखणे खांद्यात उतरते. त्यामुळे चुका आता मी बोलून, ध्वनिसंदेशाने कळवते. मुले कुरकुरतात, पण ऐकतात. याचा एक अनपेक्षित लाभ असा, की मोबाइल टेबलावरच राहत असल्याने झोपाळा पुन्हा नुसता झोपाळाच झाला आहे. माझ्या मते निम्मा गुण याचाच असावा. दुसरे श्रेय व्यायामाला आहे : हनुवटी न झुकवता सरळ मागे घेऊन पाच सेकंद धरणे, दहा वेळा, आणि दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठणे. स्टँडसमोर दीड तास न हलता बसले, तर ताठ मानही दुखते, हेही मी अनुभवले आहे.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर दिवसभर आकाशातल्या पतंगांकडे पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी मान पुन्हा आखडली, तीही उलट बाजूने. तेव्हा दोष एकट्या मोबाइलचा नाही, एकाच स्थितीत तासन्‌तास राहण्याचाही आहे, हे लक्षात आले. मध्यंतरी पाठ ताठ ठेवणारा पट्टाही मागवला होता. तो काखेत काचतो आणि काढला की खांदे पुन्हा होते तसेच पुढे येतात, म्हणून आठवडाभरात कपाटात गेला.

स्टँडविषयी एक तक्रार आहे. चौथ्या महिन्यापासून वरच्या बिजागरीचा स्क्रू सैल होऊ लागला. चष्म्याच्या लहान पेचकसाने महिन्यातून एकदा तो आवळावा लागतो. विसरले, तर तपासणी चालू असतानाच मोबाइल हळूहळू मान टाकतो, आणि त्याच्यापाठोपाठ माझीही मान खाली जाते.