आपोआप जुळणारी लय आणि ठरवून जुळवलेली लय

दोन माणसे बरोबर चालू लागली की त्यांची पावले न ठरवता एकत्र पडू लागतात. ही झाली आपोआप जुळणारी लय. 'एक, दोन, तीन' म्हणून दोघांनी मिळून टेबल उचलणे ही ठरवून जुळवलेली. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे, कारण शाळेत आणि उपचारांत बहुधा दुसरीच तपासली जाते.

पहिलीची तपासणी अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाली. त्यात मूल आणि पालक शेजारीशेजारी झुलत्या खुर्च्यांवर बसले. इतर मुलांच्या खुर्च्या पालकांच्या झुलण्याशी नकळत जुळत गेल्या, स्वमग्न मुलांमध्ये मात्र ही ओढ दिसली नाही. पुढे 2016 साली किशोरवयीन मुलांच्या हाती लंबक देऊन दोन्ही प्रकार तपासले गेले, तेव्हा पालकाच्या लयीशी मुद्दाम जुळवून घ्यायला सांगूनही स्वमग्न मुलांचा मेळ इतरांपेक्षा कमी राहिला. म्हणजे 'लक्ष देत नाही' हा नेहमीचा शेरा अपुरा ठरतो. हालचालींची वेळ साधण्यातच अडचण असू शकते.

शिकवायला ठरवून जुळवणे सोपे, कारण त्याला सूचना आणि ठेका देता येतो. तरीही गप्पांमधली मान डोलावणे, किंचित पुढे झुकणे ही देवाणघेवाण सूचनेवर चालत नाही, म्हणून माझ्या मते निरीक्षणात आपोआप जुळणाऱ्या लयीला अधिक वजन द्यावे. आणि लय दोघांची असल्याने, थोडे मुलाच्या ठेक्यावर पालकानेही झुलून पाहावे.